गाव कोणतं, कूळ कोणतं

सकाळी पावणेआठ

मी प्रयोगशाळेत पोहोचते तेव्हा यंत्राचं रात्रीचं काम संपलेलं असतं. काल दुपारी कापलेले तुकडे प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटींमधून त्यात गेले. रात्रीतून त्यांच्यातलं पाणी अल्कोहोलने काढून घेतलं, अल्कोहोल झायलीनने, आणि शेवटी त्या जागी पातळ मेण भरलं. आता टेक्निशियन ते तुकडे साच्यात बसवून मेणाचे ब्लॉक करतात. मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, कोमट पाण्यावर पसरतात आणि काचेवर उचलले जातात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने उरलेला भाग गुलाबी. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही. कुणाची ओळख असली तरी मेण घाई करत नाही.

या काचेवरून मी सांगायचं असतं की गाठ साधी आहे की कर्करोगाची, आणि कर्करोग असेल तर कोणता. मिरजेत सांगली-कोल्हापूरपासून विजापूर-बेळगावपर्यंतचे रुग्ण येतात. एका दिवसात शरीराचे दहा-बारा भाग माझ्या टेबलावरून जातात. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांसाठी तो एकच आजार असतो. टेबलावर मात्र प्रत्येक गाठीची दोन प्रश्नांनी चौकशी होते. हिचं गाव कोणतं, म्हणजे सुरुवात कुठल्या अवयवात झाली? आणि कूळ कोणतं, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पेशीपासून झाली? या दोन उत्तरांवर पुढचं ऑपरेशन, औषध, किरणं सगळं ठरतं.

साडेआठ

आलेल्या बाटल्यांची नोंद. हे काम मी स्वतः बघते, कारण घोळ व्हायचा तर इथेच होतो. बाटलीवर नाव, वय, अवयव, डावी की उजवी बाजू हवी. आत दहा टक्के फॉर्मलिन हवं, तेही तुकड्याच्या निदान दहापट. आज एका बाटलीत सलाइन आहे. स्तनाच्या गाठीतून सुईने काढलेला तुकडा कालपासून मिठाच्या पाण्यात पडून आहे. अशा तुकड्यातल्या पेशी खराब होतात, आणि हार्मोनची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तसं झालं तर त्या बाईला ज्या गोळ्यांचा उपयोग झाला असता, त्याच मिळणार नाहीत. मी फोन लावते.

"सिस्टर, फॉर्मलिन संपलं होतं का?"

"नाही मॅडम, ओटीत नवीन मुलगा आहे."

दुसऱ्या अर्जावर अवयवाच्या जागी नुसतं "गाठ" लिहिलंय. मानेची, काखेची की पोटातली? फुप्फुस, जठर, स्वादुपिंड, पित्तनलिका यांचे ग्रंथीपेशींचे कर्करोग काचेखाली एकमेकांसारखे दिसू शकतात. जागा कळली नाही तर मी अंधारात चाचपडणार. बाटली आणणाऱ्या मामांच्या हातात अर्ज परत देते. "मामा, डॉक्टरांना म्हणावं, जागा लिहून द्या. तोवर तुकडा फॉर्मलिनमध्ये सुखरूप आहे."

सव्वानऊ

पहिला ट्रे तोंडाचा. आमच्याकडे तो बहुधा रोज असतो. आजचा तुकडा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेतला आहे. चुना लावलेली तंबाखू तासन्‌तास धरून ठेवतात ती हीच जागा. बायकांच्या अर्जांवर तंबाखूऐवजी मिश्री लिहिलेली असते, एवढाच फरक. निरोगी तोंडात चपट्या पेशींचं अस्तर आपल्या तळरेषेच्या वरच राहतं. या काचेवर त्या पेशींचे पुंजके रेषा ओलांडून खालच्या स्नायूत शिरलेत आणि मध्ये केराटिनचे गोल थर घालून बसलेत. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. अवयवांच्या अस्तरातून आणि ग्रंथींतून उठणाऱ्या कर्करोगांना कार्सिनोमा म्हणतात, आणि मोठ्या माणसांचे दहातले आठ-नऊ कर्करोग याच मोठ्या कुळातले.

मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. म्हणजे हे दुखणं काही आज कळलेलं नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी ट्रे रिकामा झालेला नाही. २०२२ साली भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यात स्तनाचा पहिला, सुमारे १ लाख ९२ हजार. ओठ आणि तोंडाचा दुसरा, १ लाख ४३ हजार. गर्भाशयाच्या मुखाचा तिसरा, १ लाख २७ हजार. पहिल्या तिन्ही जागा अशा, की बोटाला लागतात किंवा साध्या तपासणीत डोळ्याला दिसतात.

ट्रेमधली चौथी काच गर्भाशयाच्या मुखाची. कूळ तेच, स्क्वॅमस. गाव वेगळं आणि कारणही वेगळं. इथे कारण असतं एचपीव्ही हा विषाणू. यावरचा एक मोठा अभ्यास आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी गावोगाव फिरून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे पुढच्या आठ वर्षांत वाढलेल्या अवस्थेतले कर्करोग आणि मृत्यू, दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्ही लशीलाही २०२२ मध्ये मान्यता मिळाली. कारण ठाऊक, तपासणी ठाऊक, लस उपलब्ध, आणि तरी माझ्या टेबलावर ही काच येते, तीही बहुतेकदा रक्तस्राव सुरू होऊन बरेच महिने गेल्यावर.

पावणेअकरा

ओटीचा फोन. "मॅडम, फ्रोझन पाठवतोय. एकोणीस वर्षांची मुलगी आहे, डाव्या अंडाशयाची मोठी गाठ."

फ्रोझन म्हणजे पोट उघडं असताना द्यायचं उत्तर. मेणाला वेळ नसतो, म्हणून तुकडा उणे वीस अंशांच्या क्रायोस्टॅटमध्ये गोठवून कापायचा आणि वीसेक मिनिटांत कळवायचं. काप मेणाइतके सुबक येत नाहीत, तेव्हा जेवढं नक्की दिसतं तेवढंच बोलायचं.

अंडाशयासारखा पेचात टाकणारा अवयव दुसरा नाही. त्याच्या पृष्ठभागाशी नातं सांगणारे कार्सिनोमा साधारण पन्नाशीच्या पुढे होतात. स्त्रीबीजाच्या मूळ पेशींपासून होणाऱ्या गाठी तरुण मुलींत होतात. हार्मोन तयार करणाऱ्या पेशींच्या गाठी वेगळ्याच. शिवाय जठराचा कर्करोग तिथे जाऊन बसू शकतो. त्याचं गाव जठरच. एका गावात इतकी कुळं नांदतात, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

काचेवर मोठ्या, गोल, स्वच्छ पेशींचे कळप आहेत आणि मधल्या पडद्यांत लिम्फोसाइट पेशींची गर्दी. ही जर्म सेल गाठ, बहुधा डिसजर्मिनोमा. फोनवर सांगते, "सर, जर्म सेल आहे, कार्सिनोमा नाही." सर्जनना याचा अर्थ लगेच कळतो. दुसरं अंडाशय आणि गर्भाशय निरोगी दिसत असेल तर ठेवता येतं, कारण हे कूळ केमोथेरपीला फार चांगली दाद देतं. साठीतल्या बाईच्या कार्सिनोमाला जे ऑपरेशन लागतं, ते या मुलीवर केलं असतं तर तिचं मातृत्व विनाकारण गेलं असतं.

बारा

ग्रॉसिंग. एप्रन, दोन जोड हातमोजे, डोळ्यांत झोंबणारा फॉर्मलिनचा वास. आता काढलेले अख्खे अवयव समोर येतात. स्तन आला की आधी कडांना शाई लावायची, म्हणजे काचेवर कर्करोग शाईला भिडलेला दिसला तर कड सुटलेली नाही हे कळतं. मग सेंटिमीटरच्या अंतराने काप घेऊन गाठ मोजायची. काखेतल्या चरबीत बोटांनी चाचपून एकेक लसिकाग्रंथी शोधायची. स्तनाच्या रिपोर्टात "डक्टल कार्सिनोमा" एवढं लिहून भागत नाही. ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्यांवरून हार्मोनच्या गोळ्या, हर-टूविरोधी इंजेक्शन की नुसती केमो हे ठरतं. शेजारच्या दोन खाटांवरच्या दोन बायकांना एकाच बाजूच्या स्तनाचा कर्करोग असून औषधं पूर्ण वेगळी असतात, त्याचं कारण हे. एकीचं पाहून दुसरीने डॉक्टर बदलू नये.

मोठ्या आतड्याच्या तुकड्यात निदान बारा लसिकाग्रंथी शोधाव्या लागतात. कमी सापडल्या तर आजार पसरलेला नाही असं खात्रीने म्हणता येत नाही. तासभर चरबी चिवडून अकरा मिळतात, पुन्हा चिवडायचं. बाराव्या ग्रंथीत आजार निघाला तर केमो लागते.

शेवटी पित्ताशय, खड्यांसाठी काढलेलं. पित्ताशयाचा कर्करोग उत्तरेत, गंगेच्या खोऱ्यात, जास्त आढळतो. आपल्याकडे कमी, पण आढळतो. तो पुष्कळदा खड्याच्या ऑपरेशननंतर इथेच, या टेबलावर, पहिल्यांदा कळतो. भिंतीत किती खोल गेलाय त्यावर दुसरं ऑपरेशन ठरतं. काढलेलं पित्ताशय नातेवाइकांना दाखवून तिथेच फेकून देणारी ठिकाणं आहेत. खडे मात्र डबीत घालून घरी देतात.

दीड

डबा उघडताना दारात एक गृहस्थ उभे. हातात वडिलांची फाइल.

"बाई, जरा विचारू का? सोनोग्राफीवाले लिव्हरला कॅन्सर म्हणत्यात. लिव्हरचाच तुकडा काढला. अन्‌ तुम्ही रिपोर्टात आतड्याचं लिवलंय."

"बसा दादा. वडलांना शौचावाटे रक्त जायचं का?"

"मूळव्याध हाय म्हणून दोन वर्सं औषध चालू हाय."

त्यांना समजावून सांगते. माणूस पोटापाण्यासाठी मुंबईला गेला तरी त्याचं गाव बदलत नाही. आतड्यातल्या पेशी रक्तातून यकृतात येऊन वाढल्या तरी त्या आतड्याच्याच. काचेवर आतड्यासारख्या लांबट ग्रंथी होत्या, आणि सीके-ट्वेंटी व सीडीएक्स-टू ही रसायनं पॉझिटिव्ह आली. यकृताच्या स्वतःच्या पेशींचा कर्करोग वेगळा दिसतो. तो बहुतेकदा हिपॅटायटिस बी-सी, दारू किंवा चरबीने खराब झालेल्या यकृतात होतो. फुप्फुस, यकृत, हाडं आणि मेंदू या चार ठिकाणी पाहुणे कर्करोग सर्वांत जास्त येतात. त्यामुळे तिथे गाठ दिसली की आधी ती बाहेरून तर आलेली नाही ना, हे बघावं लागतं.

"मग औषध आतड्याचं घ्यायचं?"

"हो, आतड्याचं. आणि कोलोनोस्कोपी आजच सांगा करायला."

अशा वेळी घरचे बहुतेक एक प्रश्न विचारतातच, आणि हे गृहस्थही उठता उठता विचारतात: तुकडा काढल्यामुळे आजार भडकला का? नाही. योग्य जागेतून, योग्य पद्धतीने काढलेल्या तुकड्यामुळे आजार पसरण्याची शक्यता अगदी नगण्य असते. तुकड्याच्या भीतीने घालवलेल्या महिन्यांत मात्र तो नक्की पसरतो.

तीन

दुपारची काच रक्ताची. हिरड्यांतून रक्त येतंय आणि अंगावर निळे डाग उठलेत म्हणून गावातल्या डॉक्टरांनी तपासणी सांगितलेला तरुण. रक्ताच्या कर्करोगाला गाठ नसते. त्याचं गाव अस्थिमज्जा, आणि तिथून तो अंगभर फिरतो. या स्मिअरमध्ये कणांनी गच्च भरलेल्या पेशी आहेत, आणि काहींच्या आत काड्यांच्या जुड्या. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. अशा वेळी रिपोर्ट छापायची वाट बघायची नसते. पहिल्या काही दिवसांतच मेंदूत किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. आणि वेळेत उपचार मिळाले, तर जीवनसत्त्व 'अ'शी नातं असलेलं एक औषध आणि आर्सेनिक यांनी बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. मी थेट डॉक्टरांना फोन करते: "आजच भरती करा, उद्या नको."

पाठोपाठ मानेच्या गाठीची काच. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की आधी क्षयाचा विचार होतो, आणि तो बरोबरही आहे. पण नुसत्या अंदाजावर क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवणं बरोबर नाही. या ग्रंथीत दोन केंद्रकांच्या ठळक, मोठ्या पेशी विखुरलेल्या आहेत: हॉजकिन लिम्फोमा. लंडनच्या थॉमस हॉजकिनने १८३२ मध्ये ज्या ग्रंथींचं वर्णन केलं, तोच आजार. आज तरुणांत बऱ्या होणाऱ्या कर्करोगांत त्याची गणना होते. लिम्फोमाची शंका असेल तर सुईचं पाणी पुरत नाही. अख्खी ग्रंथी काढून पाठवावी लागते, म्हणजे उपप्रकार नीट कळतो.

सव्वाचार

हाडाचा तुकडा आम्लात भिजत ठेवून मऊ करावा लागतो, तेव्हा कुठे तो कापता येतो. परवा ठेवलेला आज कापण्याजोगा झालाय. शाळकरी मुलगा, गुडघ्याच्या जरा वर सूज. हाड, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांच्या पेशींचे कर्करोग म्हणजे सार्कोमा. हे कूळ लहान, पण त्यात पोटभेद पुष्कळ. ऑस्टिओसार्कोमा साधारण दहा ते वीस वर्षांच्या मुलांत, उंची झपाट्याने वाढत असताना, गुडघ्याजवळच्या हाडांत सर्वांत जास्त होतो. घरच्यांना आठवतं ते खेळताना पडलेलं. मग तेल चोळणं, हाडवैद्याकडून पट्टी, आणि त्यात महिने जातात. मुलाला रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं असेल तर एक साधा एक्स-रे काढावा, चोळू नये. आणि हाडाचा तुकडा, जिथे पुढचं ऑपरेशन होणार तिथल्याच सर्जनने काढावा, कारण सुईची वाटसुद्धा नंतर काढून टाकावी लागते. पाय वाचवायचा असेल तर याला महत्त्व आहे.

मुलांचे कर्करोग मोठ्यांसारखे नसतात. त्यांच्यात सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा. मग मेंदूच्या गाठी, लिम्फोमा, मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर, डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा. तान्ह्या बाळाच्या फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

पाच

ट्यूमर बोर्ड. सर्जन, केमोचे डॉक्टर, किरणोपचाराचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि मी. सीटी एका पडद्यावर, माझी काच दुसऱ्या. फुप्फुसाच्या दोन गाठी चर्चेला येतात. सीटीवर दोन्ही सारख्याच वाटतात. एक स्मॉल सेल आहे. तिथे सहसा ऑपरेशन नाही, केमो आणि किरणं. दुसरी एका कधीच धूम्रपान न केलेल्या बाईंची, अडेनोकार्सिनोमा. तिच्या ब्लॉकमधून ईजीएफआर आणि एएलके या जनुकीय तपासण्या होतील, आणि पॉझिटिव्ह आल्या तर गोळीने उपचार सुरू होऊ शकतील.

प्रोस्टेटच्या एका रिपोर्टावर थोडा वाद होतो. ग्लीसन स्कोअरमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रचनेचा आकडा आधी लिहितात. ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३, बेरीज दोन्हीकडे सातच, पण दुसरा आजार जास्त आक्रमक. बेरीज पाहून धीर देण्याची घाई करू नका, एवढं मी सुचवते. मेंदूची गाठ शेवटी. मोठ्यांच्या मेंदूत बाहेरून आलेल्या गाठी मेंदूच्या स्वतःच्या गाठींपेक्षा जास्त असतात, म्हणून छातीचा सीटी होईपर्यंत निर्णय थांबतो.

साडेसहा

दिवसभराच्या रिपोर्टांवर सही. प्रत्येक ओळ पुन्हा वाचून: अवयव, बाजू, प्रकार, ग्रेड, खोली, कडा, ग्रंथी. टेक्निशियन ब्लॉक क्रमवार खोक्यात लावतात. आम्ही ते दहा वर्षं जपतो. पुढे नवं औषध आलं, आजार उलटला किंवा दुसरं मत घ्यावंसं वाटलं, तर त्याच ब्लॉकमधून नवे काप निघतात. रुग्णाला पुन्हा टोचावं लागत नाही.

वाचणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच. शरीरातून कुठलीही गाठ, पित्ताशय, गर्भाशय, तीळ काढला, तर तो फॉर्मलिनमध्ये तपासायला गेला का हे विचारा, आणि रिपोर्ट हातात घ्या. घरात कुणाला कर्करोग निघाला, तर कितवी स्टेज हे विचारण्याआधी कुठून सुरू झाला आणि कुठल्या प्रकारचा आहे हे विचारा. रिपोर्टाची प्रत सरकारी योजनेच्या मंजुरीलाही लागते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. आणि तोंडातली जखम, स्तनातली गाठ, अवेळी जाणारं रक्त यांतलं काहीही तीन आठवड्यांत गेलं नाही, तर चौथ्या आठवड्यात दाखवून या.